सातवं ब्लँकेट

मावशींनी ब्लँकेट हातात घेतलं. घडी न मोडता काठावरून बोटं फिरवली, शिवण चाचपली, चिमटीत कापड धरून जाडी पाहिली. "चांगलं आहे हो ताई," म्हणाल्या. "घरात सहा आहेत. हे सातवं."

आवाजात तक्रार नव्हती, टोमणा तर नव्हताच. त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली, झाकण उघडलं आणि मला बघायला सांगितलं. एकावर एक सहा ब्लँकेटं, चारांची तर प्लास्टिकची पिशवीही काढलेली नव्हती. दर थंडीत कुणी ना कुणी येतं, फोटो काढतं, देऊन जातं. त्या वर्षी आम्ही आलो होतो.

ही गोष्ट तीन नाताळांपूर्वीची. आमच्या अंबरनाथच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांनी वर्षभर घरोघरी डबे ठेवून पैसे साठवले आणि उल्हासनगरच्या बाजारातून घाऊक भावात चाळीस ब्लँकेटं घेतली. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ. कशासाठी ते कळल्यावर नगामागे वीस रुपये त्यांनी आपणहून कमी केले. त्यांचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून कल्याण कॅम्पात आले, तेव्हा त्यांनाही असंच एक ब्लँकेट मिळालं होतं. आजोबा सांगायचे, गाव कुठलं ते कुणी विचारलं नाही, बॅरेक नंबर तेवढा विचारला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं, पण पत्त्यात बॅरेक नंबर आजही लिहितात. मी हे ऐकलं, पैसे दिले आणि गठ्ठे रिक्षात चढवले. त्यांनी मला किती मोलाचं सांगितलं होतं, ते चार दिवसांनी वांगणीत कळलं.

वांगणी म्हणजे बदलापूरच्या पुढचं स्टेशन. भाडं परवडतं आणि लोकल मिळते, म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक अंध कुटुंबं तिथे येऊन राहिली. लोकलमध्ये की-चेन, पासाची पाकिटं, कंगवे, कानातली विकून ती पोट भरतात. कर्जत-बदलापूरच्या गाडीने रोज जाणाऱ्या बायकांना त्यांचे आवाज पाठ असतात. बाकीच्यांना वांगणी आठवते ती १७ एप्रिल २०२१ मुळे. अंध आईचा हात धरून चालणारा सहा वर्षांचा मुलगा प्लॅटफॉर्मवरून रुळांत पडला, समोरून एक्स्प्रेस येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून धावत गेले. तो व्हिडिओ देशाने पाहिला. मला त्याहून मोठी वाटते ती नंतरची गोष्ट. बक्षिसाच्या पन्नास हजारांतली अर्धी रक्कम शेळके यांनी त्या मुलासाठी दिली.

तर मावशीही वांगणीच्या या अंध विक्रेत्यांपैकी. मी त्यांना विचारलं, "मग तुम्हाला काय हवं होतं?"

हा प्रश्न चाळीस ब्लँकेटं घेण्याआधी आमच्यापैकी एकीलाही सुचला नव्हता.

"बँकेचा कागद आलाय, महिना झाला," त्या म्हणाल्या. "शेजारचा पोरगा वाचून देतो, पण मग माझ्या खात्यात किती आहेत ते अख्ख्या चाळीला कळतं. तुम्ही वाचाल?"

मी वाचला. केवायसीचे कागद जमा करा, असं पत्र होतं आणि मुदतीला पाच दिवस उरले होते. वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मावशींनी पदराने कपाळ पुसलं, आणि महिनाभर त्या एका कागदाने त्यांची झोप उडवली होती हे मला तेव्हा दिसलं. पेटीत सात ब्लँकेटं होती, तरी.

माझे वडील नगर जिल्ह्यातून अंबरनाथला आले ते विमको या काडेपेटीच्या कारखान्यात नोकरीला. विमको नाका हे नाव अजून आहे. घरात पवित्र शास्त्र होतं आणि त्याच्या शेजारी पंडिता रमाबाईंचा फोटो. लहानपणी आम्हाला त्या फक्त विद्वान बाई म्हणून माहीत होत्या. त्या ख्रिस्ती कशा झाल्या, हे मी फार उशिरा वाचलं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला आपल्या एका आश्रमात पाठवलं. समाजाने वाईट चालीच्या ठरवून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. त्यांच्यातल्याच काही जणी सावरून आता आजारी आणि अपंग माणसांची सेवा करत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. अशा बायकांना कुणी जवळ करतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हे तुम्ही कशामुळे करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. येशू त्या बाईकडे पाणी मागतो आणि तिच्याशी बोलत बसतो, ती गोष्ट. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे आधी सेवा डोळ्यांनी दिसली, मग शास्त्र कानावर पडलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या उपासनेत तो बहुतेक वेळा उलटा असतो, आणि दुसरी पायरी पुष्कळदा राहूनच जाते.

रमाबाईंनी स्वतः भूक पाहिली होती. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या, वणवणीच्या दिवसांत गेली. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात त्या पुण्यात बसून मदत गोळा करत राहिल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा बरोबर आणल्या. केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यांच्यासाठी. तिथे शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता आणि छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे याच मुलींनी जुळवले. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुलीच्या हातात काही वर्षांनी शिशाचे खिळे असावेत आणि तिने अक्षर अक्षर लावत पान उभं करावं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिला अन्न दिलं हे तर झालंच. पण तिच्यावाचून अडेल असं कामही तिला दिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं.

मुक्तीत अंध मुलींसाठीही घर होतं. त्याचं नाव बार्तिमी सदन. रमाबाईंची लेक मनोरमाबाई स्वतः ब्रेल शिकल्या आणि त्यांनी मुलींना शिकवलं. हे नाव आलं ते यरीहोच्या वाटेवर भीक मागणाऱ्या आंधळ्या बार्तीमयावरून. येशू जातोय हे कळल्यावर तो ओरडतो, लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतात. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो. समोर आंधळा उभा आहे, त्याला काय हवं असणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरीही येशू त्यालाच विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? संडे स्कूलमध्ये मी ही गोष्ट वीस वर्षं शिकवली. दर वेळी मुलांना सांगितलं ते दृष्टी आल्याचं, चमत्काराचं. त्या प्रश्नापाशी मी एकदाही थांबले नाही. वांगणीहून परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तोच विचार करत होते, आणि मला वाईट वाटत होतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानातली शेवटच्या न्यायाची यादी आम्हाला तोंडपाठ असते. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. पण नीट पाहिलं तर शेवटच्या दोघांना काही वस्तू द्यायची नाहीच. त्यांच्याकडे जायचंय. ब्लँकेट वाटून संध्याकाळच्या चहाला घरी परतता येतं. जाणं मात्र एकदा करून संपत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं लागतं.

तेव्हापासून आम्ही चौघीजणी आळीपाळीने दर शनिवारी दुपारी वांगणीला जातो. करतो काय, तर वाचतो. विजेचं बिल, शाळेची चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरची तारीख, अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज. मावशींचे कागद त्यांनी स्वतः लावलेले असतात. बँकेच्या कागदांना रबरबँड, विजेची बिलं दुमडलेली, लेकीचे शाळेचे कागद सरळ फायलीत. मला फक्त अक्षर वाचायचं असतं, कुठला कागद कसला ते त्यांना माझ्याआधी ठाऊक असतं. नोटा त्या दोन बोटांत धरून लांबी मोजतात. आता गळ्यात क्यूआर कोडचं कार्ड लटकवतात, पण गाडीच्या खडखडाटात फोनचा आवाज ऐकू येत नाही. "पैसे टाकले" म्हणणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायचा. बहुतेक जणी खरं बोलतात, असं त्या सांगतात.

दुसऱ्याच शनिवारी चाळीतल्या एकाने मला दारात गाठून विचारलं, "चर्चला कधीपासून न्यायला सुरुवात करणार यांना?" मला राग आला नाही. हा प्रश्न आजचा नाही. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेत तोच उभा राहिला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा चार ओळींत करायचा नसतो, पण ज्याचं गरिबीने अडलंय त्याच्या दारात जाणाऱ्याला, तू बदल्यात काय नेणार आहेस, असं विचारण्याचा हक्क लोकांना आहे, असं मी मानते. मी त्यांना सांगितलं ते असं: माझा विश्वास मला इथे घेऊन येतो, इथे आल्यावर तो मी विकायला काढत नाही. मावशींच्या भिंतीवर स्वामी समर्थांची तसबीर आहे. दिवेलागणीला त्या चाचपत काडी ओढतात, दिवा लावतात, हात जोडतात. तेवढा वेळ मी कागद बाजूला ठेवून गप्प बसते. मग पुढचं बिल वाचते.

मंडळीत सगळ्यांना हे पटलं असं नाही. चाळीस ब्लँकेटांचा हिशोब वार्षिक अहवालात एका ओळीत बसतो. आठवड्यातून तीन तास वाचून दाखवलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं, असं एका ज्येष्ठ बंधूंनी खरोखर काळजीने विचारलं. अजून आम्हाला रकाना सापडलेला नाही.

यंदा ऑक्टोबरातच आम्ही घरोघरी विचारत फिरलो. यादी झाली ती अशी. एका घरी कुकरची शिट्टी, कारण जुनी नीट वाजत नाही आणि किती झाल्या ते मोजता येत नाही. दोघींना पावसात माल भिजू नये म्हणून मेणकापडाची पिशवी. एका मुलाला दहावीच्या गणितासाठी कुणीतरी, फी नको, माणूस हवा. ब्लँकेट दोघांना, ती दोघं यंदाच राहायला आलीत. आणि बाराजणांना पांढऱ्या काठीच्या टोकाचं रबर. ते झिजलं की काठी फरशीवर घसरते, प्लॅटफॉर्मच्या कडेला फार भीती वाटते, असं त्यांनी सांगितलं.

ब्लँकेटांसाठी मी त्याच सिंधी काकांकडे गेले. फक्त दोन मागितल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं. मी यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि काठीचं रबर कुठे मिळेल ते सांगायला स्वतः दुकानाबाहेर आले. पहिल्या दोन दुकानांत नव्हतं. तिसऱ्यात मिळालं. बारा घेतली.