पृथ्वी बाहेर का गेली?

पदवीच्या भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये पायथन आणण्यामागचा हेतू चांगला आहे. कागदावर सुटत नाही ते समीकरण मुलांनी छोट्या छोट्या पावलांनी सोडवावं, नियम पडद्यावर चालताना पाहावा. फाइनमननी १९६३ साली पुस्तकरूपात आलेल्या आपल्या व्याख्यानांत ग्रहाची कक्षा अशीच, आकड्यांचं कोष्टक भरत काढून दाखवली होती.

आता लॅबमध्ये चला. पृथ्वी सूर्याभोवती फिरवायची आहे. ऑयलरची पद्धत, एकेका दिवसाचं पाऊल, ३६५ पावलं. जागा आणि वेग, दोन्ही जुन्या आकड्यांवरून पुढे नेले की वर्ष संपल्यावरही पृथ्वी निघाल्या जागी येत नाही. गोल गोल फिरत बाहेर सरकते. खरं तर भौतिकशास्त्र इथेच सुरू होतं. बाहेर सरकायला लागणारी ही ऊर्जा आली कुठून? सूर्याने दिली नाही, आपल्या पद्धतीने दिली. वेगाची ओळ जागेच्या ओळीवर घेतली आणि नव्या वेगाने जागा बदलली, की कक्षा जवळजवळ जुळते. ॲलन क्रोमर यांनी या साध्या अदलाबदलीवर १९८१ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये लेख लिहिला.

मुलाला मात्र एवढंच दिसतं की आपलं आउटपुट चुकलं. एरर आलेली नाही, म्हणजे शोधायचं काय हेही कळत नाही. अर्धा वेळ आधीच इंडेंटेशन सरळ करण्यात गेलेला असतो. मग शेजारच्याचा कोड, प्रिंटआउट, जर्नलमध्ये डिंक आणि सरांची सही. यात मी मुलांना आळशी म्हणणार नाही. गुण बरोबर आलेखाला आहेत, म्हणून ते बरोबर आलेख आणतात. ऊर्जेचा प्रश्न शिक्षकांच्या मनात असतो, पण गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

तो रकाना घालावा. प्रोग्रॅम चालवण्याआधी कक्षा कशी येईल याचं चित्र मुलाने पेनाने जर्नलमध्ये काढावं. आलेख बिघडला तर तोही चिकटवावा, खाली कारण लिहावं, आणि निम्मे गुण त्या कारणाला द्यावेत. व्हायव्हालाही पहिला प्रश्न तोच असावा: तुझी पृथ्वी बाहेर का गेली?