ट्रम्प यांचे आजोबा ‘बेकायदा स्थलांतरित’ होते का?

५ जून २०२५ रोजी जर्मनीचे चान्सलर फ्रीडरिक मर्झ यांनी व्हाइट हाउसमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना फ्रेम केलेला एक जन्मदाखला भेट दिला. तो होता ट्रम्प यांच्या आजोबांचा. स्थलांतरितांना बाहेर काढण्याची मोहीम चालवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचे आजोबाच बेकायदा आले होते, असं सोशल मीडियावर अनेकदा वाचायला मिळतं. ते कितपत खरं आहे?

कोण होते फ्रीडरिक ट्रम्प?

जन्म १८६९ चा, काल्श्टाट या द्राक्षमळ्यांच्या गावात. हा भाग तेव्हा बव्हेरियाच्या राज्यात होता. वडील लवकर वारले. फ्रीडरिक न्हावीकाम शिकले आणि १८८५ मध्ये, सोळाव्या वर्षी, सरकारला न कळवता न्यूयॉर्कला निघून गेले. सक्तीची लष्करी सेवा तेव्हा समोर दिसत होती.

अमेरिकेने अडवलं का?

नाही. युरोपातून येणाऱ्याकडे व्हिसा मागितलाच जात नव्हता. पण १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना मात्र दार बंद झालं होतं. १८८६ मध्ये सिएटलमधून जमावाने चिनी रहिवाशांना हाकललं. त्याच सिएटलमध्ये १८९१ ला फ्रीडरिक यांनी रेस्टॉरंट घेतलं आणि १८९२ ला ते अमेरिकी नागरिक झाले. चिनी माणसाला तो अर्जही करता येत नव्हता.

पैसा कुठून आला?

क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्यावर हजारो लोक कॅनडाच्या बर्फाळ सीमाभागाकडे धावले. फ्रीडरिक यांनी सोनं खणण्यापेक्षा खणणाऱ्यांना जेवण, दारू आणि खोल्या पुरवल्या. आधी बेनेटला, मग रेल्वे आल्यावर व्हाइटहॉर्सला. १९०१ मध्ये ते कमाई घेऊन गावी परतले.

मग परत अमेरिकेत का?

१९०२ मध्ये लग्न करून ते पत्नीसह न्यूयॉर्कला गेले, पण तिला तिथे करमेना. १९०४ मध्ये कुटुंब कायमचं परतलं, तेव्हा बव्हेरियाने लष्करी सेवा टाळल्याचा ठपका ठेवून देश सोडायला सांगितलं. फ्रीडरिक यांनी राज्याचे कारभारी राजपुत्र लुइटपोल्ड यांना विनवणीचं पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. १९०५ च्या उन्हाळ्यात गरोदर पत्नीसह ते पुन्हा बोटीत बसले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये मुलगा झाला, फ्रेड. हेच डोनाल्ड यांचे वडील.

म्हणजे उत्तर काय?

ते अमेरिकेत बेकायदा आले नव्हते. नियम मोडला तो बव्हेरियाचा आणि हद्दपारही तिथूनच झाली. पण ‘आमचे पूर्वज रीतसर आले’ हे वाक्यही अर्धंच आहे, कारण त्यांच्यासाठी मोडण्यासारखा नियमच फारसा नव्हता.

आज याचा संबंध काय?

२० जानेवारी २०२५ रोजी, सत्तेत येताच, ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणारा आदेश काढला आणि त्याला लगेच न्यायालयात आव्हान मिळालं. हा हक्क पक्का झाला होता १८९८ च्या एका निकालाने, आणि तो खटला चिनी आईवडिलांच्या मुलाचा होता. नव्या आदेशाच्या कक्षेत फक्त कागदपत्रं नसलेले लोक येत नाहीत. एच-वन-बी व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या जोडप्यांची बाळंही येतात. त्यात पुण्या-मुंबईहून गेलेली घरंही आहेत.

म्हणून कुणी ‘कायदेशीर’ आलं का, हे विचारताना तेव्हा कायदा काय होता आणि तो कुणासाठी होता, हेही विचारायला हवं.