गृहचर्चा : इंटरनेटचा वेग मोजावा कसा?

‘आज नेट फार मंद आहे’ हें वाक्य हल्लीं घरोघर दिवसांतून चार वेळां तरी कानीं पडतें. किती मंद, कोठें मंद आणि केव्हांपासून मंद, असे तीन प्रश्न पुसले असतां मात्र बोलणारा निरुत्तर होतो. ताप वाटला कीं आपण थर्मामीटर लावतों. धान्य कमी भरलें तर दुकानदाराशीं भांडण्यापूर्वीं तें पुन्हां तोलून पाहतों. इंटरनेटच्या बाबतींत मात्र मोजमापाआधींच निकाल लागतो, आणि तो बहुधा घरांतील कनिष्ठ माणसाच्या विरुद्ध लागतो, असें आमच्या पाहण्यांत आहे.

अंबड तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाचें उदाहरण घ्या. माणसें नऊ, मोबाइल सात. थोरली सून पुण्याच्या एका कंपनीचें हिशेबाचें काम घरीं बसून करते. कंपनीच्या सभा सायंकाळीं लॅपटॉपवर भरतात. त्यांत हिचा आवाज तुटे, चित्र गोठे, आणि वरिष्ठांनीं तिला दोनदां समजहि दिली होती. घरांत ह्यावर तीन मतें होतीं. सासरे म्हणत, कंपनी लबाड. दीर म्हणे, मुलांचे खेळ बंद करा. आणि आजेसासूबाईंचें म्हणणें असें कीं, ज्या कामापायीं एवढी कटकट तें काम सोडावें हेंच बरें. हें तिसरें मत हळूहळू बळावत चाललें होतें. एका मिळवत्या बाईची नोकरी अशी पणास लागली असतां कोणीहि वेग मोजला नव्हता!

मोजण्यास खर्च नाहीं. ‘स्पीडटेस्ट’ व ‘फास्ट’ हीं साधनें फुकट आहेत. परंतु एककांचा घोटाळा आधीं दूर केला पाहिजे. योजनेवर लिहिलेला वेग मेगाबिटांत असतो. फाइलीचा आकार मेगाबाइटांत सांगतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतील. तो आंकडा पाहून ‘शंभराचे बारा केले’ अशी ओरड करणें व्यर्थ होय.

साधन तीन आंकडे दाखवितें. डाउनलोड म्हणजे बाहेरून घरांत येणारा ओघ. अपलोड म्हणजे घरांतून बाहेर जाणारा. आणि पिंग म्हणजे हाक मारल्यापासून ओ येईपर्यंतचा काळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. चित्रपट पाहणाऱ्यास पहिला आंकडा पुरतो. सभेंत बोलणाऱ्यास तिन्ही लागतात, तथापि प्रत्येक दिशेस तीन-चार मेगाबिट अखंड मिळाले तरी त्याचें काम भागतें. पिंगाविषयीं एक गोष्ट ध्यानांत असावी. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. जालन्याहून मुंबईस जाऊन परत येण्यास त्यास चार-पांच हजारांश पुरावेत. तेव्हां पिंग तीनशें दिसला तर दोष मुंबईच्या अंतराकडे नाहीं.

मग तो कोणाकडे? न्यायशास्त्रांत कारण ठरविण्यास अन्वय व व्यतिरेक अशी जोडी सांगितली आहे. एक गोष्ट असतां कार्य घडतें आणि ती नसतां घडत नाहीं, हीं दोन्ही अंगें पाहिल्यावांचून तिला कारण म्हणूं नये. येथें तीच वाट धरावी, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्रथम घरांतील सर्व मोबाइल व दूरदर्शन इंटरनेटपासून सोडवून लॅपटॉप राऊटरला तारेनें जोडावा व तीनदां मोजावें. हा आंकडा कंपनीचा. मग तार काढून त्याच जागीं वायफायवर मोजावें. हा राऊटरचा. शेवटीं जेथें तक्रार आहे त्या खोलींत बसून मोजावें. हा घराच्या भिंतींचा. सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं नऊ वाजतां, असें आठ दिवस करून वहींत तारीखवार टिपावें. राऊटर दिवसांतून दहा वेळां बंद-चालू करणें ही परीक्षा नव्हे. पेटीवर तांबडा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा तार बाहेरच कोठें तुटलेली असते. तेथें घरच्या घरीं कांहीं होण्यासारखें नाहीं.

वरील कुटुंबांत तारेवर ९४ मेगाबिट मिळाले. योजना १०० ची; म्हणजे कंपनी निर्दोष. वायफायवर त्याच दिवाणखान्यांत ८०. सूनबाईच्या मागल्या खोलींत ६, आणि पिंग कधीं चाळीस, कधीं चारशें! मध्यें दोन हात रुंदीच्या दोन भिंती, दगडाच्या व पांढऱ्या मातीच्या. आमच्या जिल्ह्यांतील जुनीं धाब्याचीं घरें वैशाखांत ज्या भिंतींमुळें गार राहतात, त्याच भिंती वायफायच्या लहरी गिळतात. नव्या घरांचीहि सुटका नाहीं. ज्या लोखंडी सळयांकरितां जालन्याचे कारखाने प्रसिद्ध आहेत, त्याच स्लॅबच्या पोटांत बसून वरच्या मजल्याची वाट अडवितात. वायफायच्या लहरी बहुधा दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झची मंद, पण भिंत बरी ओलांडते. ५ ची चपळ, पण पहिल्याच भिंतीशीं दमते.

आतां राऊटर दिवाणखान्यांतच कां? दूरदर्शन तेथें, पुरुषमंडळी तेथें, आणि तार ओढणारा मनुष्यहि प्रथम तेथेंच शिरला. कोणीं बुद्ध्या अन्याय केला नव्हता. पण घरांत ज्या एका व्यक्तीची मिळकत ह्या पेटीवर अवलंबून, ती पेटीपासून सर्वांत दूर बसली होती. शेवटीं मागल्या खोलीपर्यंत तार ओढून तेथें दुसरी लहान वायफाय-पेटी बसविली. आतां तेथें ९० मिळतात.

तारेचें एक मर्म सांगावयाचें राहिलें. तिच्या आंत चार जोड्या असतात. हजार मेगाबिटांस चारहि लागतात. एखादी तुटली कीं गाडी दोन जोड्यांवर येऊन मर्यादा शंभराची होते. योजना २०० ची असून आंकडा ९५ च्या वर कधींच सरकत नसेल, तर तार उंदरानें कुरतडली आहे काय, तें आधीं पाहावें. राऊटर वा लॅपटॉप जुना असल्यासहि हीच मर्यादा पडते.

वहीमुळें आणखी एक गोष्ट उघड झाली. रात्रीं नऊ वाजतां तारेवरचाच आंकडा तीसवर घसरे. हा मात्र कंपनीचा दोष. सभेस तीस पुष्कळ झाले, परंतु पैसे शंभराचे जातात. कायद्याचा आधार येथें तोकडा आहे. २०२३ च्या जानेवारीपासून ‘ब्रॉडबँड’ म्हणविण्यास सेकंदास दोन मेगाबिटांची किमान अट आहे. जाहिरातींत ‘१०० मेगाबिटपर्यंत’ असें असतें. त्यांतील ‘पर्यंत’ हें शब्दयोगी अव्यय दिसण्यांत लहान, पण सगळा भार त्याच्यावर! तरीहि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा; समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जातां येतें, अशी तरतूद २०१२ च्या विनियमांत आहे. सासऱ्यांनीं आठ दिवसांचीं पानें जोडून तक्रार केली. ‘राऊटर बंद करून पुन्हां चालू करा’ असें पहिलें उत्तर आलें आहे. अपिलाचा मसुदा सूनबाई लिहीत आहेत.