हद्द आखण्याआधी गावाचे ऐका

किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात 'अभयारण्य' हा शब्द काढला की बैठकीतली निम्मी माणसे उठून जातात आणि उरलेली भांडायला बसतात. त्यांचे फारसे चुकत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गातले उदाहरण ताजे असल्यासारखे लोकांच्या डोक्यात आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. तिथे प्रवाळ आहे, ते राखायला हवे, यात वाद नाही. पण तेच पाणी रापणकरांचे रोजचे शेत. आपल्या शेतात उद्या कुणी खुंट्या मारल्या तर आपण काय करू? तेच त्यांनी केले, विरोध केला.

सागरी अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, ही तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे मालवणात रेघ आधी आणि तजवीज मागाहून. तेव्हाचा संशय आजही पुरता गेलेला नाही.

शेतीखात्याच्या माणसाने समुद्रात कशाला नाक खुपसावे, असे कुणी म्हणेल. पण किनाऱ्यावरच्या वन्यजीवांचा प्रश्न सरळ आपल्या खारभूमीच्या बांधावर येऊन टेकतो. उधाणाला बांध फुटतो, खारे पाणी भातात शिरते. पहिल्या वर्षी पीक जाते. दुरुस्तीचा कागद फिरेपर्यंत दुसरा पावसाळा येतो. भरतीबरोबर तिवरांचे बी आत येते, रुजते आणि चार-पाच वर्षांत जिथे भात होता तिथे कांदळवन उभे राहते. सातबाऱ्यावर भातशेती, जाग्यावर तिवर! मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी कांदळवन तोडायला बंदी आहे, तिवरांपासून ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामालाही बंदी आहे. खासगी जमीनही त्यातून सुटत नाही. मग शेतकरी विचारतो, "साहेब, तिवर तोडली तर माझ्यावर गुन्हा. बांध वेळेवर बांधला नाही, त्याचा गुन्हा कुणावर?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसते.

असे असले तरी तिवरावर राग धरून चालणार नाही. बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला दाट तिवर असली की लाटेचा जोर तिच्यातच मोडतो, आणि मागचा मातीचा बांध टिकतो. बाहेरची तिवर तुटली की पुढच्या उधाणाला बांधाचा पाया उघडा पडतो, हे जुनी माणसे सांगतात ते खरेच आहे. म्हणून आराखड्यात दोन्ही गोष्टी एकाच पानावर हव्यात : बाहेरची तिवर राखायची आणि आतला बांध फुटल्याबरोबर दुरुस्त करायचा. अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा साधारण दहा वर्षांचा असतो. त्यात बांधाचे नाव आले नाही, तर दहा वर्षे त्या आराखड्यातून बांधासाठी पैसा मागायची सोय राहत नाही.

गाव बरोबर असले की काम कसे होते, ते आपल्याच मंडणगड तालुक्यात वेळासला दिसते. तिथे अभयारण्य नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली कासवांचे काम सुरू केले ते गावकऱ्यांना हाताशी धरून. ऑलिव्ह रिडले कासवीण एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. ती पूर्वी कोल्हे, कुत्री आणि माणसेही न्यायची. आता गावातलीच पोरे पहाटे किनारा फिरतात, अंडी कुंपणात हलवतात. पिल्ले बघायला पाहुणे येतात, घराघरांत उतरतात आणि जेवणाचे दोन पैसे बायकांच्या हाती येतात. जाळ्यात कासव अडकले तर जाळे कापून ते सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णयही सरकारने २०१८ मध्ये घेतला. नुसत्या बंदीच्या पाटीने हे झाले नसते.

कायदा गावाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. अभयारण्यासाठी हक्कांची चौकशी लागली की जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या भाषेत जाहीरनामा काढायचा असतो आणि हक्क सांगणाऱ्याला दोन महिन्यांत लेखी दावा द्यावा लागतो. भोवतालच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा निघाला तर हरकतींना ६० दिवस. केंद्राचे राजपत्र हिंदी-इंग्रजीत, तेही संगणकावर. गावात बातमी पोचेपर्यंत निम्मे दिवस सरलेले असतात. संवर्धन राखीव क्षेत्र केले तर त्याच्या समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो, आणि कृषी खात्याचाही. आमच्या खात्याची ती खुर्ची रिकामी राहू नये, हे आम्ही आमच्याच लोकांना सांगतो.

साठ दिवसांत गावाची सगळी माहिती गोळा होत नाही. ती आधीच लिहून ठेवावी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एक वही घालावी. खारभूमीचे गट नंबर, बांध कुठून कुठवर, उघाड्या किती आणि चालू किती, कुठल्या साली कुठे फुटला. रापण कुठे ओढतात, होड्या कुठे ओढून ठेवतात, कुठल्या महिन्यात. गुरे कुठे चरतात, स्मशानाची वाट कुठली. ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्यावा. तोंडी आरडाओरडा कुणाच्या कागदावर येत नाही, ठराव आणि नकाशा येतो.

आणि एक नोंद हमखास राहते, ती खाडीत तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायकांची. त्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही, होडीच्या परवान्यावरही नाही. ओहोटीच्या दिवशी वही घेऊन खाडीवर जावे, त्या कोण, कुठल्या वाडीच्या, वर्षातले किती महिने येतात, ते त्यांनाच विचारून लिहावे. दुपारी पाणी चढले की त्या घरी जातात, तेव्हा सकाळीच निघावे.