विश्लेषण : गल्ल्यातून घरी नेलेल्या पैशांवर कर लागतो का?

दुकान स्वतःचे, गल्लाही स्वतःचा. मग घरखर्चासाठी त्यातून काढलेल्या पैशांचा प्राप्तिकराशी संबंध काय? विवरणपत्र भरण्याच्या हंगामात छोटे व्यावसायिक हमखास विचारतात तो हा प्रश्न. उत्तर ठरते ते पैसे किती काढले यावरून नव्हे, तर व्यवसाय कोणत्या स्वरूपाचा आहे यावरून. हा फरक लक्षात न घेतल्यास फटका लाखांत बसू शकतो.

एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर?

प्राप्तिकर कायद्याच्या लेखी मालक आणि दुकान वेगळे नाहीत. दोघांचा पॅन एकच. त्यामुळे मालकाला स्वतःला पगार देता येत नाही. तो घेतो ती ‘उचल’. उचल हा धंद्याचा खर्च नाही, म्हणून ती नफ्यातून वजा होत नाही. आणि ते उत्पन्नही नाही, म्हणून तिच्यावर वेगळा कर नाही. कर वर्षाच्या नफ्यावर.

समजा, हार्डवेअरच्या दुकानाला १५ लाख रुपये नफा झाला. मालकाने दरमहा ४० हजार घरी नेले, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. बाकीचे माल भरण्यात गेले. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही, आपण तर पाच लाखही घेतले नाहीत’ असे त्याला वाटते. प्रत्यक्षात नव्या करप्रणालीतील २०२५-२६ च्या दरांनुसार त्याचा कर उपकरासह १ लाख ९ हजार २०० रुपये होतो. उलट, नफा ६ लाख असताना मुलीच्या लग्नासाठी साठलेल्या भांडवलातून १० लाख काढले, तर याच प्रणालीत कर शून्य.

मग उचलीकडे कुणी पाहतच नाही?

पाहतात. कॅश क्रेडिट खात्यातून, म्हणजे बँकेच्या कर्जातून, घराचे रंगकाम केले तर तेवढ्या रकमेवरील व्याज धंद्याचा खर्च म्हणून मान्य होत नाही. किराणा दुकानदाराने घरी नेलेल्या तेलाच्या डब्यावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. आणि चार माणसांच्या घरात वर्षाची उचल जेमतेम साठ हजार दाखवली, तर घर चालते कशावर, अशी विचारणा होऊ शकते. पटणारे उत्तर नसेल, तर तो खर्च दडवलेल्या उत्पन्नातून झाला असे धरून कर लावण्याची तरतूद कायद्यात आहे. उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून अनुमानित योजनेत जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. सहा लाख नफा दाखवायचा आणि नऊ लाखांचे गृहकर्जाचे हप्ते भरायचे, हे गणित बँक खात्यात लपत नाही.

भागीदारीत काय होते?

इथे करारनाम्यातल्या एका कलमाची किंमत मोठी आहे. भागीदारी संस्थेला पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर लागतो. त्यानंतर भागीदाराच्या वाट्याला आलेला नफा त्याच्या हाती करमुक्त असतो. मात्र कार्यरत भागीदारांचे मानधन करारनाम्यात ठरलेले असेल, तर ते संस्थेच्या नफ्यातून वजा होते आणि भागीदाराच्या उत्पन्नात धरले जाते. त्याला मर्यादा आहे : पहिल्या सहा लाख नफ्याच्या ९० टक्के किंवा तीन लाख, यापैकी जे जास्त ते, उरलेल्या नफ्याच्या ६० टक्के.

मानधनापूर्वीचा नफा १५ लाख असेल, तर १० लाख ८० हजारांपर्यंत मानधन वजा होते. उरलेल्या ४ लाख २० हजारांवर संस्थेचा कर १ लाख ३१ हजार ४० रुपये. दोन भागीदारांनी मानधन निम्मे-निम्मे घेतले आणि त्यांना दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत त्यांना कर नाही. करारनाम्यात मानधनाचा उल्लेखच नसेल, तर त्याच नफ्यावर ४ लाख ६८ हजार. स्टॅम्प पेपरवर छापील नमुना उतरवून घेणाऱ्यांनी हा फरक एकदा पाहावा.

१ एप्रिल २०२५ पासून यात टीडीएसची भर पडली आहे. भागीदाराचे मानधन, व्याज, बोनस, कमिशन मिळून वर्षात २० हजारांवर गेले, की संस्थेने १० टक्के कापायचे. रक्कम हाती न देता भागीदाराच्या खात्यात नुसती जमा दाखवली तरीही. नफ्यातील वाटा किंवा भांडवल परत घेतल्यास ही कपात नाही. म्हणून वर्षभर ‘उचल’ लिहून मार्चअखेर तिचे मानधन करण्याची जुनी पद्धत आता अडचणीची ठरते.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर?

सर्वात जास्त घोळ इथेच. मोठे कंत्राट मिळावे म्हणून पती-पत्नी कंपनी काढतात, पण कंपनीच्या खात्यातून मुलांची फी भरण्याची सवय जात नाही. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. तिचा पैसा भागधारकाचा नव्हे. १० टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाने अशा कंपनीतून कर्ज किंवा आगाऊ रक्कम घेतली, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याइतकी रक्कम ‘मानीव लाभांश’ ठरते. ती त्याच्या उत्पन्नात धरली जाते आणि कंपनीला वजावट मिळत नाही. संचालकांना कर्ज देण्यावर कंपनी कायद्याचेही निर्बंध आहेत, ते वेगळेच. स्वतः कंपनीला पूर्वी दिलेले कर्ज परत घेतले, तर मात्र कर नाही.

‘मार्चपूर्वी पैसे परत टाकले’ हा बचावही चालत नाही. वर्षाच्या आत फेडलेली रक्कमही लाभांशच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केले आहे. तेच पैसे संचालकाचा पगार म्हणून रीतसर घेतले असते, तर कंपनीला वजावट मिळाली असती आणि संचालकाला नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट.