लक्ष्मीबाईंचें समाधान

नाशिकपासून थोड्याच अंतरावर, गोदावरीच्या कांठीं, जलालपूर हें गांव आहे. तेथें १८६८ सालीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचें नांव आमच्या वाचकांस 'स्मृतिचित्रें' या ग्रंथामुळें ठाऊक आहेच. ख्रिस्ती मनुष्यास समाधान कशानें लाभतें, असा प्रश्न निघाला कीं 'श्रद्धेनें व सेवेनें' असें उत्तर देऊन आपण मोकळे होतों. उत्तर खोटें नाहीं. परंतु तें फार लवकर दिलें जातें. लक्ष्मीबाईंस तें इतक्या लवकर सांपडलें नव्हतें.

त्यांच्या माहेरीं सोंवळ्याओंवळ्याचा अंमल अतिशय कडक होता. पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्यावर जणूं आकाशच कोसळलें. कित्येक वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी आपला आचार त्यांनीं सोडला नाहीं. जातिभेद हे मनुष्यानेंच निर्माण केले आहेत, असें त्यांच्या स्वतःच्या मनानें घेतलें, तेव्हांच त्यांनीं इतरांच्या हातचें पाणी घेतलें. आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. मुलांच्या श्रद्धेविषयीं उतावीळ होणाऱ्या आईबापांनीं हीं मधलीं वर्षें ध्यानांत ठेवावीं, अशी आमची त्यांस विनंति आहे.

आतां सेवेविषयीं. टिळकांचा हात मोकळा होता. अनाथ मुलें, विद्यार्थी, पाहुणे, कोणासहि त्या घरीं मज्जाव नसे. मात्र टिळकांनीं जें द्यावें त्याची भरपाई लक्ष्मीबाईंस चुलीपुढें करावी लागे. त्या चिडत, भांडत, आणि हें सारें त्यांनीं आपल्या ग्रंथांत न लपवितां, उलट हंसत हंसत लिहून ठेविलें आहे. कुरकुर करणें हें श्रद्धेच्या उणेपणाचें लक्षण होय, असें कित्येक सज्जन म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. ज्या बाईनें कुरकुर केली तिनेंच पोरक्या मुलांस जेवूं घातलें, आणि प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषाहि केली. तक्रार तोंडांत होती. दार मात्र उघडें होतें. समाधान म्हणून जें कांहीं आहे तें आम्हांस त्या उघड्या दारांत दिसतें, मुकाट्यानें सोसण्यांत नव्हे.

आमचीं मुलें गरिबांसाठीं घरोघर धान्य गोळा करतात, त्यांचें कौतुकहि होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या घरीं डबा आधींच अर्धा रिकामा होता, तेथील आईनें त्या रात्रीं काय शिजविलें, हें आपण कधीं विचारतों काय? सेवेचें श्रेय एकानें घ्यावें व तिचा भार दुसऱ्यानें वाहावा, ही रीत आमच्या चांगल्या चांगल्या कुटुंबांतूनहि आहे.

टिळक १९१९ सालीं वारले. त्यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईंनीं! 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि १९३६ सालीं येथें नाशिकांतच त्यांचा अंत झाला.

सुटींत मुलांनीं तें पुस्तक आईस मोठ्यानें वाचून दाखवावें. वाचतांना ती जेथें हंसेल, तेथें थांबून 'आई, तूं कां हंसलीस?' असें तिला अवश्य विचारावें. वडिलांनींहि जवळ बसून ऐकावें.