दोन चमचे, दिवसातून तीनदा

शाळेच्या पुस्तकात ऋतू तीन दिलेले असतात, पण ते पुस्तक लिहिणारे गृहस्थ बोरीवलीत राहत नसावेत. आमच्याकडे ऋतू चार. पावसाळा, गरबा, खोकला आणि पाणीकपात. नवरात्राचे शेवटचे ढोल वाजून थंड पडतात न पडतात तोच खोकल्याचे बसतात. बाभईपासून वझिरा नाक्यापर्यंत आणि पूर्वेला दौलतनगरपासून मागाठाण्यापर्यंत एकही जिना असा राहत नाही, की जिथे पहाटे कुणीतरी खाकरून सूर्याला उठवत नाही. चर्चगेट फास्टच्या डब्यात तर खिडकीशेजारच्याने एक ठसका काढायचा अवकाश, भजनी मंडळाने ध्रुपद उचलावे तसा अख्खा डबा उचलून धरतो.

खोकल्याशी माझे भांडण नाही. खोकला हा बिचारा घरचा राखणदार आहे; घशात नको ते शिरले की भुंकतो. माझे भांडण आहे ते त्याच्यावर उतारा म्हणून 'मेडिकल'मधून न विचारता उचलल्या जाणाऱ्या त्या गोड, चिकट, रंगीत बाटलीशी. ही बाटली आपल्या घरात इतकी मुरली आहे, की तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस एकतर कंजूष ठरतो नाहीतर निष्ठुर. दोन्ही आरोप मान्य करून पुढे जातो.

ती विकत कशी घेतली जाते, ते एकदा बघाच.

"खोकल्याचं औषध द्या हो."

"सुका की ओला?"

इथे चांगला बँकेतला हेडकॅशियर गोंधळतो. कार्पेट आणि बिल्टअप यांतला फरक त्याला झोपेत सांगता येतो, पण स्वतःचा खोकला सुका की ओला, यावर त्याने विचार केलेला नसतो. मग तो नमुना म्हणून काउंटरवरच एकदा खोकून दाखवतो. "ओला," मेडिकलवाला निकाल देतो. निदान झाले, अपील नाही. "साखरेचं की बिनसाखरेचं? छोटी की मोठी?" अर्ध्या मिनिटात बाटली पिशवीत. हाच गृहस्थ मघाशी मंडईत अर्धा किलो भेंडी एकेक टोक मोडून घेत होता! भेंडीची शेंडी मोडून बघायची, आणि पोराच्या पोटात जाणाऱ्या औषधाचे लेबलही वाचायचे नाही. बरे, त्या लेबलावर पुष्कळदा लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. पण आपल्याकडे रेघेचे महत्त्व झेब्रा क्रॉसिंगवरच्या पट्ट्यांइतकेच.

लेबल वाचायचे तर भिंग हवे, हेही खरे. मुंगीने शाईत पाय बुडवून लिहावे तशी ती अक्षरे. मी एकदा दुपार घालवून वाचली. डेक्स्ट्रोमेथॉर्फन नावाचे एक द्रव्य असते, ते मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला गप्प बसवते. ग्वायफेनेसिन नावाचे दुसरे असते, ते कफ पातळ करून बाहेर काढा म्हणते. आणि काही बाटल्यांत हे दोघे एकत्र नांदत असतात! म्हणजे एक सांगतो, "कफ बाहेर टाका," आणि दुसरा दटावतो, "खबरदार, खोकलात तर!" आमच्या सोसायटीच्या कमिटीत सेक्रेटरी आणि खजिनदार यांचे असेच चालते, पण त्यांना निदान कुणी चमच्यात घालून पीत नाही. २०१६ साली केंद्र सरकारने औषधांच्या अशा ३४४ मिश्रणांवर एकदम बंदी घातली, तेव्हा त्या यादीत खोकल्यावरच्या औषधांची ही गर्दी होती. कंपन्या कोर्टात गेल्या, वगैरे. असो.

तिसरे द्रव्य चोंदलेल्या नाकासाठी. त्याचे नाव फेनिलेफ्रिन. हे नाकात थेंब घातले तर काम करते. तोंडावाटे घेतले तर बरेचसे आतड्यात आणि यकृतातच खर्ची पडते आणि नाकापर्यंत पोचते ते नावापुरते. सरकारी योजनेच्या पैशाचे होते तसेच. अमेरिकेच्या औषध खात्याच्या तज्ज्ञांनी २०२३ साली एकमताने सांगितले, की तोंडावाटे घेतल्यास याचा नाक मोकळे व्हायला उपयोग नाही, आणि २०२४ मध्ये त्या खात्याने ते दुकानी औषधांतून काढून टाकायचा प्रस्तावही मांडला. आपल्याकडे मात्र अजून दोन चमचे, दिवसातून तीनदा.

"अहो, पण मला गुण येतो ना!" असे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका हमरीतुमरीवर येऊन सांगतात. गुण येणारच. सर्दीनंतरचा खोकला सरासरी १८ दिवस रेंगाळतो, असे अभ्यास सांगतात; माणसाची अपेक्षा मात्र आठवड्याभराची असते. आता गणित करा. दोन चमचे म्हणजे १० मिलिलिटर, दिवसाला ३०. शंभराची बाटली चौथ्या दिवशी खडखडीत. म्हणजे १८ दिवसांना जवळजवळ साडेपाच बाटल्या. पहिलीने काही होत नाही, "ही कंपनी बरी नव्हती." दुसरी, तिसरी, चौथी... आणि पाचव्या बाटलीच्या वेळी खोकला आपला आपण जातो आणि सारा मान पाचवीला मिळतो. मग काका जिन्यात भेटेल त्याला तिचे नाव सांगतात. या दुकानी औषधांवर आजवर झालेले प्रयोग कॉक्रेन या संस्थेने एकत्र करून तपासले, तर ती गुणकारी असल्याचा चांगला पुरावा हाती लागला नाही, नसल्याचाही नाही. इतकी वर्षे, इतक्या बाटल्या, आणि निकाल राखून ठेवलेला!

खरा गुण येतो तो झोपेचा. त्यात क्लोरफेनिरामिनसारखे द्रव्य असते, त्याने शिंका थोड्या थांबतात आणि डोळे मिटतात. मूल रात्री झोपले, की आईला वाटते औषध लागू पडले. मूल गुंगीत असते, आईबाप समाधानात.

आमच्या लहानपणी कंपाउंडर खिडकीतून लाल मिक्श्चर द्यायचा. बाटली आपण घरून न्यायची आणि तिच्यावर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. त्या मिक्श्चरनेही फारसे काही होत नसावे. पण आतल्या खोलीत डॉक्टर नावाच्या माणसाने आधी छातीला नळी लावलेली असायची, आणि औषधापेक्षा तीच महत्त्वाची होती. मिक्श्चर गेले त्याचे दुःख नाही, नळी गेली त्याचे आहे. अडुळशाचेही तसेच. परसातल्या अडुळशाच्या पानांतल्या वासिसिन या द्रव्यावरून प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सिन तयार झाले, आणि ब्रोमहेक्सिनपासून अँब्रोक्सॉल. आज निम्म्या बाटल्यांवर ही नावे असतात. म्हणून काही काढा अमृत ठरत नाही. आजीचा काढा पिऊन मी बरा झालो तो बहुधा पुन्हा प्यावा लागेल या भीतीने.

इथवर गंमत होती. आता जे लिहायचे आहे त्यात गंमत नाही.

पातळ औषध गोड आणि दाट राहावे म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल वापरतात. त्यांच्यासारखेच दिसणारे, गोड लागणारे आणि स्वस्त असे एक द्रव आहे, डायएथिलिन ग्लायकॉल. ते कारखान्यांत लागते. पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करते. अमेरिकेत १९३७ साली याने शंभरावर माणसे मेली आणि १९३८ मध्ये तिथला कायदाच बदलला. आपल्याकडे १९७२ साली मद्रास, १९८६ मध्ये मुंबई, १९९८ मध्ये गुडगाव, २०२० च्या सुमारास जम्मूतले रामनगर. मुंबईतली ती जागा म्हणजे जे. जे. रुग्णालय. औषध खोकल्याचे नव्हते, मेंदूतला आणि डोळ्यांतला दाब उतरवण्यासाठी दिलेले ग्लिसरीन होते. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी चौकशी केली आणि रुग्णालयापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत कुणालाही सोडले नाही. आरोग्यमंत्र्यांना जावे लागले. त्या वेळी आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रे वाचून "पुन्हा असे होता कामा नये" असे म्हटले होते.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्यांतली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती आणि तिथेच गेली. तामिळनाडूत बनलेल्या 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल निघाले ४८.६ टक्के. परवानगी ०.१ टक्क्याची. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली. याला भेसळ म्हणायलाही जीभ धजत नाही. दुधात पाणी घालणारा गवळीसुद्धा एवढा हात सैल सोडत नाही.

सर्दी झाली होती त्या मुलांना. चार दिवसांनी आपोआप बरी होणारी सर्दी.

आणि आता ही गोष्ट ऐका. २०२२ साली भारतातून गेलेल्या अशाच पातळ औषधांनी आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास मुले दगावल्याचा बोभाटा झाला, पाठोपाठ उझबेकिस्तानातून तीच बातमी आली. जगात नाचक्की झाली. तेव्हा १ जून २०२३ पासून सरकारने नियम केला, की परदेशी जाणारे खोकल्याचे औषध आधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासायचे. उत्तम. पण देशातल्या देशात विकायच्या बाटलीला ती सक्ती तेव्हा केली नाही! हापूसची मोठी फळे दुबईला आणि डागाळलेली घरच्यांना, हे कोकणात ऐकले होते, औषधातही? छिंदवाड्यानंतर राज्यांना पुन्हा फर्मान निघाले, की कच्चा माल तपासा. कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हा नियम आधीपासूनच होता. म्हणजे नियम पाळा, असा नवा नियम झाला. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितले, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नका आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळा. हे वाक्य प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर, डास मारण्याच्या वड्यांच्या जाहिरातीच्या जागी, ठळक अक्षरांत लागायला हवे. मी दोन-तीन दुकानांत सुचवून पाहिले. "जागा नाही, साहेब," असे उत्तर मिळाले. वड्यांना होती.

आता आमच्या बोरीवलीच्या खोकल्याचे मूळ. जुन्या तीन मजली इमारती पाडून तिथे वीस-बावीस मजले उभे राहत आहेत. एका बाजूला नॅशनल पार्क, साक्षात फुप्फुसे. दुसऱ्या बाजूला पुनर्विकास, साक्षात सिमेंट. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस हवेचा निर्देशांक सारखा दोनशेच्या वर राहू लागला, तेव्हा महापालिकेने भायखळा आणि बोरीवली पूर्व इथली बांधकामे सरसकट थांबवली. पश्चिमेचे लोक पुलावरून पूर्वेकडे सहानुभूतीने पाहू लागले, जणू धूळ तिकीट काढून फाटक ओलांडते. पण खोकल्याच्या मुळावर दिलेले एवढेच एक औषध माझ्या पाहण्यात आहे. थोड्याच दिवसांत बंदी उठली. धुळीवर पाणी मारा, पत्रे उंच लावा, हिरवे कापड बांधा, असे नियम आहेत. पाणी मारणारा टँकर साहेब येण्याच्या दिवशी येतो. सोसायटीच्या सभेत कॉर्पस किती आणि पार्किंग किती यावर चार तास भांडणारे आपण, टँकर रोज का येत नाही हे एकदा तरी विचारावे की नाही?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. "डॉक्टरची फी पाचशे, बाटली सव्वाशे. रोज कमावून खाणाऱ्याने काय करायचं?" बरोबर आहे. पण ज्याच्याकडे पाचशे नाहीत त्याचे सव्वाशे तरी कशाला फुकट घालवायचे? कोमट पाणी आहे, चोंदलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब आहेत, वर्षावरच्या मुलाला रात्री चमचाभर मध आहे. (वर्षाच्या आत मध अजिबात नाही, कुणी आजी कितीही रागावो.) धाप लागली, ताप उतरेना, मूल पाणीही घेईना, तर बाटली नको, रिक्षा करा. आणि दोन आठवडे उलटूनही खोकला हटत नसेल, तर तो सुका की ओला हे मेडिकलवाल्याला सांगत बसू नका. मुंबईत क्षयाचे रोगी काही थोडे नाहीत, आणि पाच बाटल्या संपवेपर्यंत तो रोग घरातल्या चौघांपर्यंत पोचलेला असतो. महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी फुकट होते. तिथेही झाकणाची एक छोटी डबीच देतात. फक्त ती रिकामी देतात आणि आपण भरून आणायची असते.